जाड चालू दे

मुरगावच्या गोदामात नऊ वर्षं धूळ खाल्लेली
ही पिवळी गाडी मी बोटीवरच्या पगारातून घेतली,
आणि यादी केली लाल समुद्रात, रात्रपाळीला,
जुन्या लॉगबुकाच्या मागच्या पानावर:
मोठा टर्बो. मोठे इंजेक्टर. सरळ सायलेन्सर.
तळाशी, जागा उरली म्हणून, बारीक अक्षरात
ऑइल कूलर.

बस्त्याव मिस्त्रीने यादी वाचली देवगड बंदरात,
उपड्या होडीवर बसून, चष्मा कपाळावर,
म्हणजे वाचली नाहीच.
जन्मभर ट्रॉलरची डिझेलं उघडलेला माणूस.
"पिस्टन खंय?"
नाहीत.
"मगे फिरता काय?"
त्रिकोण, म्हटलं. फुगीर कडांचा,
आठाच्या आकड्यासारख्या पोकळीत.
तो गप्प राहिला. मग हातानेच जातं फिरवलं हवेत,
खुंटा जरा कडेला धरून,
आणि हसला,
"जात्यात दळण, आनि दळणाक आग."

दोन रोटर, सहा टोकं,
दर टोकाला एक पट्टी, काडीएवढी जाड, बोटाएवढी लांब.
सगळा जोर त्या काडीवर.
ती फुटली की तुकडे बाहेर पडता पडता
टर्बोचीही पाती खातात.
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असून पहिल्या ओळीत मी काय लिहिलं होतं, बघा.

"तेल पिता?"
पिते.
"आमचो आउटबोर्ड पण पिता. त्याका कोन दारुडो म्हनत नाय."
आणि पेट्रोलात तेल मोजायचं स्वतःचं मापटं दिलं,
कडेला एक खवलं वाळून चिकटलेलं.

मग विचारलं, "तुका जावचा खंय?"

बंदरातल्या बर्फाच्या मशीनचा आवाज ऐकत बसलो.
गगनबावड्याच्या वळणांत दुसरा गिअर पुरतो.
खाली किनाऱ्याने जावं तर
पुढे आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो, मागे वऱ्हाडाची गाडी.
उरला सडा:
कातळावरचा सरळ रस्ता,
रात्री दोनला मोकळा, म्हशी सोडल्या तर.
अडीच मिनिटं. त्यासाठी सहा महिने समुद्र.

यादी खालून वर चढू लागली.
ऑइल कूलर एक नव्हे, दोन.
रेडिएटर जाड. त्यावर रंगाचा थर,
कारण इथलं खारं वारं अ‍ॅल्युमिनियमला
पांढरी बुरशी आणतं.
इंटरकूलरला वारा पोचवणारं नरसाळं
होड्यांना फायबर लावणाऱ्या जगन तारीने केलं;
गाडीला अजून नव्या होडीचा वास येतो.
तापमानाचा काटा आता डोळ्यांसमोर, वेगाचा बाजूला.
बूस्ट कारखान्याने दिला तेवढाच.
सायलेन्सर मात्र मोकळा केला, आणि तोही
बस्त्यावच्याच हट्टाने: "श्वास तरी सोडूंदे गो तिका!"

मोठा टर्बो आधीच घेऊन ठेवला होता.
ग्रीस फासून, कागदात गुंडाळून
तांदळाच्या पिंपामागे आहे.
आईने एकदा सोडून पाहिला.
"शंख हाडलंस? मगे वाजना कसो नाय?"

परवा रात्री सड्यावर गेलो.
मिस्त्री शेजारी, दार असं धरून
जशी लाटेत होडीची कड धरावी.
तिसऱ्यात शीळ आली, बारीक,
मग सीट पाठीला भिडली
आणि कातळ, काजूची झुडपं, दगडी गडगे
सगळं एका रेषेत ओढलं गेलं.
काटा हलला नाही. मागे कच्च्या पेट्रोलचा वास.
"जाड चालता," तो म्हणाला.
उद्या पातळ करतो, मी म्हटलं, अजून ताकद निघेल.
"कढी पातळ झाली तर पावनो हसता.
ह्या पातळ झाला तर सहाय टोकां जातली.
जाड चालूंदे."

रस्ता संपला तिथे म्हशी बसल्या होत्या,
दिवसभराची ऊब डांबरातून घेत.
हॉर्न दिला नाही.
इंजिन लगेच बंद करायचं नसतं, टर्बो निवायला हवा.
तर आम्ही बसलो तसेच, दिवे मालवून,
गाडी हलकी लंगडत धडधडत राहिली,
दीपगृहाचा झोत वरून दोनदा गेला, तीनदा,
मिस्त्रीने विडी काढली, पेटवली नाही.
धावलो अडीच मिनिटं. निवायला चार लागली.